बैठकीचं अंथरूण होताना

पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवायच्या छोट्या कॅम्परमध्ये दिवसा बसायला एक जागा आणि रात्री झोपायला दुसरी, अशी चैन नसते. आमच्या ट्रकच्या हौद्याची लांबी साडेसहा फूट, आणि चाकांवरच्या दोन कमानींमधलं अंतर ५० इंचांच्या आसपास. कॅम्परचा खालचा पेटारा या कमानींच्या मधोमध उतरतो. भिंतींची जाडी वजा केली की आतून रुंदीला जेमतेम ४७ इंच उरतात. त्यातच ओटा, सिंक, पाण्याची टाकी, बॅटरी, गॅसचा सिलिंडर आणि माणसाला उभं राहण्यापुरती वाट. म्हणून समोरासमोर दोन बाकं, मध्ये टेबल, आणि रात्री तेच टेबल खाली उतरवून सगळ्याचा मिळून एक पलंग, ही रचना अमेरिकेतल्या छोट्या कॅम्परमध्ये वर्षानुवर्षं चालत आली आहे. इथे तिला डायनेट म्हणतात.

ऑरेगन राज्यात, पोर्टलंडजवळच्या एका लहान वर्कशॉपमध्ये मी कॅम्परच्या आतलं लाकूडकाम करते. लोकांसाठी डायनेट बनवत आले, मग एक आमच्या स्वतःच्या ट्रकसाठी बनवलं, आणि ते मुख्यतः आईसाठी. आई उन्हाळ्यात कऱ्हाडहून आमच्याकडे राहायला येते. कॅम्परमधला मोठा पलंग ट्रकच्या टपावर पुढे आलेल्या भागात असतो. तिथे चढायला बाकावर पाय देऊन अंग वर ओढून घ्यावं लागतं. मला आणि नवऱ्याला ते जमतं, आईच्या गुडघ्यांना झेपत नाही. खालचं अंथरूण तिचं, हे आधीच ठरलेलं होतं.

या कामातून माझी एक समजूत पक्की झाली आहे. टेबल चांगलं करता येतं, पलंगही चांगला करता येतो. पण डायनेटचा कस लागतो तो टेबलाचा पलंग होत असतानाच्या दोन मिनिटांत. बाहेर पाऊस असतो, माणसं दिवसभराच्या प्रवासानं आंबलेली असतात, टेबलावर जेवणाची भांडी असतात, आणि तिघांपैकी एकालाच उभं राहता येतं. कंपन्यांच्या माहितीपत्रकांत मांडलेल्या टेबलाचा एक फोटो असतो आणि घातलेल्या अंथरुणाचा एक. मधल्या दोन मिनिटांचा फोटो मी अजून कुठे पाहिलेला नाही, आणि माझं सगळं काम त्या न काढलेल्या फोटोसाठी चाललेलं असतं.

आपल्याकडच्या कुणालाही ही रचना समजावून सांगावी लागत नाही. स्लीपरच्या डब्यातली साइड लोअर आठवली की झालं. आरएसीच्या तिकिटावर दोन अनोळखी माणसं खिडकीशी समोरासमोर बसतात, आणि रात्र झाली की दोन्ही पाठी आडव्या पाडून त्याचाच बर्थ होतो. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात पुलमन कंपनीच्या रेल्वे-शयनयानांतही समोरासमोरची आसनं एकमेकांकडे सरकवून खालचा बर्थ तयार होत असे. आजचं डायनेट त्याच कल्पनेच्या वळणावर जातं. साइड लोअरमध्ये मला एक मोठा गुण दिसतो: तिच्यात सुटा भाग एकही नाही. पाठ बिजागरीवर पडते आणि जागच्या जागी बसते. सुटा भाग असला की तो क्षणभर तरी कुठे तरी ठेवावा लागतो, आणि जिथे जागाच नाही तिथे तो दुसऱ्या कुणाच्या तरी मांडीवर जातो. तिचा दोषही सगळ्यांना ठाऊक आहे. मधला सांधा नेमका कमरेखाली येतो. आईसाठी करायचं त्यात तिचा गुण घ्यायचा आणि दोष टाळायचा, एवढं मनाशी धरून मी टेप हातात घेतला.

आधी लाकूड आणलं नाही. मोठ्या खोक्यांचा पुठ्ठा कापून, चिकटपट्टीनं जोडून गॅरेजमध्ये पूर्ण मापाची बाकं उभी केली, जमिनीवर भिंतींच्या रेषा आखल्या आणि आईला बसवलं. आमच्या वर्कशॉपमधले ज्येष्ठ सुतार पूर्वी मासेमारीच्या बोटींच्या केबिन बांधायचे. त्यांचा आग्रह असतो की माप कागदावर घेऊ नये, वापरणाऱ्या माणसाच्या अंगावर घ्यावं. आईची उंची पाच फूट. सर्वसाधारण खुर्चीची १८ इंच उंची तिला जास्त होते, टाचा अधांतरी राहतात. म्हणून प्लायची पातळी १३ इंचांवर घेतली आणि त्यावर चार इंचांची गादी. बसल्यावर गादी दबते, म्हणजे प्रत्यक्षात साडेसोळा. टेबलाचा वरचा पृष्ठभाग २७ इंचांवर, मांडी आणि टेबल यांच्यात हात फिरेल एवढी जागा सोडून.

लांबीचा हिशेब मला सगळ्यांत आवडतो. प्रत्येक बाक २१ इंच खोल, मधली मोकळी जागा ३० इंच, एकूण ७२. मधले ३० इंच रात्री टेबलानं झाकले जातात, पण त्यावर गादी कुठून आणायची? ती पाठीच्या उशांतून येते. प्रत्येक पाठ १५ इंच उंच केली की दोन पाठी मिळून बरोबर ३०. पाठीची जाडी चार इंच ठेवली, कारण ती झोपेच्या वेळी बाकावरच्या गादीच्या पातळीला यायला हवी. ते चार इंच बसण्याच्या खोलीतून जातात आणि बसायला १७ इंच उरतात. आईला तेवढेच हवे होते. नवऱ्याच्या लांब पायांना ते थोडे कमी पडतात, पण निर्णय आईच्या बाजूनं झाला.

पुठ्ठ्याच्या बाकावर बसून आईनं पहिला प्रश्न विचारला, "अगं, तू हे टेबल खाली घेताना मी कुठे जायचं? बाहेर?"

"नाही गं आई, तू बसूनच राहायचं. फक्त पाय वर घे."

तिनं पाय वर घेतले. मी पुठ्ठ्याचं टेबल तिच्या पायांखालच्या जागेत उतरवलं. ते उतरलं, पण माझं कोपर ओट्याला लागलं. तिथेच टेबलाच्या पायाचा प्रश्न समोर आला. बाजारात मधोमध नळी असलेला पाय मिळतो, जमिनीतल्या खोबणीत घट्ट बसवायचा. तो काढायला खाली वाकून पिळावा लागतो आणि काढल्यावर हातात एक लांब नळी उरते. बोटींमध्ये वापरतात तो बाजूच्या खांबावर फिरणारा हातही मिळतो. तो देखणा असतो, पण आईसारख्या कुणी उठताना टेबलावर सगळा भार टाकला तर तो लवतो. मी साधा मार्ग घेतला. भिंतीला ॲल्युमिनियमची पट्टी, टेबलाच्या मागच्या कडेला तिच्यात अडकणारी दुसरी पट्टी, आणि वाटेच्या बाजूला बिजागरीवर दुमडणारा एकच पाय. टेबलाची पुढची कड जराशी वर उचलली की मागची पट्टी सुटते, पाय आपोआप आत दुमडतो आणि टेबल सरळ खाली, बाकांच्या अंगाला ठोकलेल्या रिपांवर येतं. उचलताना टेबलाचं निम्मं वजन भिंतीनं धरलेलं असतं. मग दोन्ही पाठी पुढे ओढून टेबलावर आडव्या केल्या की झालं. कोणताही भाग कोणत्याही क्षणी दुसरीकडे ठेवावा लागत नाही.

दुसरा प्रश्न आईनं आडवं होऊन विचारला. "रात्री उठायचं झालं तर?" या वयात रात्री उठणं चुकत नाही. बाकाखाली सामान ठेवायची जागा असते, आणि तिला वरून उघडणारं झाकण लावायची सर्रास पद्धत आहे, कारण ते सोपं आणि स्वस्त. पण अंथरूण घातलं की ते झाकण झोपलेल्या माणसाच्या अंगाखाली जातं. रात्री लागणारी प्रत्येक वस्तू, म्हणजे उचलून ठेवता येणारा शौचालयाचा डबा, जास्तीचं पांघरूण, औषधं, पाणी, टॉर्च, वाटेच्या बाजूनं उघडणाऱ्या खणांत गेली. वरच्या झाकणाखाली राहिली ती पाण्याची टाकी, बॅटरी आणि दोर-साखळ्या. खाली पाय सोडून बसल्यावर हात नेमका जिथे जातो तिथे ओट्याच्या खांबाला लाकडी मूठ बसवली. तिची जागाही पुठ्ठ्यावरच ठरली होती. आईनं डोळे मिटून हात पुढे केला, आणि मी तिथे पेन्सिलीनं खूण केली.

गॅसच्या सिलिंडरचा कप्पा मात्र कुणाच्या सोयीनं ठरत नाही. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळाला तर खाली साचतो. त्यामुळे कप्पा आतून पूर्ण बंद हवा आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक हवं. हा कप्पा दाराजवळ पक्का केला आणि बाकी सगळं त्याच्याभोवती आखलं.

मग वजन. ट्रकच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक लेबल असतं, माणसं आणि सामान मिळून या आकड्याच्या वर जाऊ नका असं सांगणारं. आमच्या ट्रकचा आकडा १,७०० पौंड, म्हणजे सुमारे ७७० किलो. कॅम्परचा सांगाडा ४५० किलो, तीन माणसं १९०, उरले १३०. वीस गॅलन पाणी म्हणजे ७५ किलो. राहिले ५५, आणि त्यात डायनेट, स्वयंपाकाचं सामान, कपडे, सगळं. बर्चच्या १८ मिमी प्लायची चार बाय आठची एक शीट ३५ किलोच्या घरात जाते. दीड शीट लागली तर सगळी शिल्लक तिथेच संपली. म्हणून बाकं १२ मिमीची. नऊ थरांच्या चांगल्या बर्चला तेवढी जाडी पुरते, पण कोपऱ्यांत आतून रिपा द्याव्या लागतात आणि जिथे भार येत नाही तिथे मोठे झरोके कापून काढता येतात. १८ मिमी फक्त टेबलाला, कारण रात्री माणसाची कंबर त्यावर येते आणि ३० इंचांच्या अंतरावर पातळ प्लाय लवतो. टेबलाचं वजन सहा किलोच्या आसपास भरलं. टेबल ज्या रिपांवर बसतं त्या ॲश लाकडाच्या, सरस लावून आणि स्क्रूनं आवळून. या एका जागी मी हात आखडता घेत नाही, कारण झोपेत कूस बदलणाऱ्या माणसाचा सगळा भार त्या दोन रिपांवर असतो.

टेबल आणि बाक यांच्यात दोन्ही बाजूंना दोन-तीन मिलिमीटर मोकळे सोडले. ऑरेगनच्या पश्चिम भागात हिवाळाभर पाऊस असतो. तंतोतंत बसवलेलं टेबल वार्निशचे थर चढल्यावर आणि हवा दमट झाल्यावर अडकतं, आणि रात्री अडकलेलं टेबल सोडवायला हातोडी लागते. सगळ्या कडा गोल केल्या, पॉलिश पेपर मारून तळव्यानं तपासल्या. झोपेत गुडघा आपटतो तो कडेवरच.

गाद्यांचं काम आईनं अंगावर घेतलं. तिच्याकडे आयुष्यभराचा शिवणाचा हात आहे. खोळींच्या कडांना पायपिंग लावायचं तिच्या मनात होतं. पायपिंगनं खोळ उठून दिसते हे खरं, पण चार गाद्या शेजारी लागल्या की त्याच दोऱ्या पाठीला टोचतात. आईनं कापड हातात घेऊन थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग वरच्या कडेला साधी शिवण घालते, पायपिंग खालच्या कडेला. दिसायचं तर दिसेल, टोचणार नाही." दिवसा बसल्यावर समोरून तीच खालची कड दिसते.

फोम चारही गाद्यांना एकच, घनमीटरला ४० किलो घनतेचा. तयार कॅम्परमध्ये पाठीला बऱ्याचदा हलका फोम घालतात, कारण टेकायला मऊ बरा वाटतो. रात्री तीच पाठ कमरेखाली येते आणि माणूस मध्ये खचतो. सांध्यासाठी उपाय असा की फोम खोळीपेक्षा पाव इंच मोठा कापायचा. मग चारही गाद्या एकमेकींना दाबून बसतात आणि फट उघडत नाही. वरून आईनं कऱ्हाडहून आणलेली वाकळ. जुन्या लुगड्यांची, हातटाक्यांची ती वाकळ दुमडून घातली की सांधे कळेनासे होतात. बाजारात यासाठी फोमचे पातळ थर मिळतात, ते गुंडाळून ठेवायला एक अख्खा खण लागतो. वाकळ दिवसा आईच्या पाठीशी घडी होऊन बसते.

अंथरुणाची रुंदी २५ इंच. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला वाट. बोटींमध्ये झोपायच्या जागेला कापडी आड लावतात, लाटेनं माणूस खाली पडू नये म्हणून. तसाच एक जाड सुती कापडाचा आड मी गादीखालून वर घेऊन दोन कड्यांत अडकवला. एका हातानं सुटतो. दोन्ही टोकांना कापडी खिसे आहेत, चष्म्यासाठी आणि पाण्याच्या बाटलीसाठी. दोन्हीकडे, कारण डोंगरात गाडी क्वचितच सपाट उभी राहते, आणि ज्या टोकाला उंची असेल तिकडे डोकं करावं लागतं. चारही गाद्या सारख्याच असल्यानं उशी कुठेही ठेवली तरी चालते.

एक गोष्ट दिसत नाही म्हणून राहून जाते. रात्री अंगातून निघणारी वाफ गादीतून खाली उतरते आणि थंड प्लायला भेटली की तिचं पाणी होतं. सकाळी गादी उलटली तर खालून ओली निघते, आणि काही आठवड्यांत काळी बुरशी धरते. त्यासाठी बाकांच्या वरच्या प्लायला एक इंचाची भोकं ओळीनं पाडली, आणि गादीखाली हवा खेळवणारी जाड विणीची जाळी घातली. टेबलाला भोकं पाडता येत नाहीत, चहा सांडायचा. पण मधल्या दोन गाद्या रोज सकाळी पाठीच्या जागी उभ्या होतात आणि आपोआप वाळतात. डायनेट रोज बैठक होतं याचा हाही एक फायदा आहे. जे लोक ते कायम पलंग करून ठेवतात त्यांच्याकडेच बुरशी मला जास्त दिसते.

कादंबरीकार जॉन स्टाइनबेक १९६० मध्ये चार्ली नावाच्या कुत्र्याला घेऊन अमेरिका बघायला निघाले, ते अशाच एका पिकअपवर बसवलेल्या छोट्या घरातून. बोटीच्या केबिनसारखं घर हवं, असं त्यांनी बनवणाऱ्यांना कळवलं होतं. तो हिरवा जीएमसी ट्रक कॅलिफोर्नियातल्या सॅलिनस गावी नॅशनल स्टाइनबेक सेंटरमध्ये जपून ठेवला आहे. ते निघाले एकटेच, शेजारी कुत्रा. एकट्या माणसाला अंथरूण कधी घालायचं हे कुणाला विचारावं लागत नाही. आमच्यासारख्या तिघांच्या गाडीत हाच प्रश्न रोज संध्याकाळी उभा राहतो.

आईला घेऊन आम्ही आग्नेय ऑरेगनला गेलो. स्टीन्स पर्वताच्या पूर्व पायथ्याशी आल्व्हर्ड वाळवंट आहे, कोरड्या सरोवराचा सपाट पांढरा तळ. तिथे जाणारा खडीचा रस्ता लाटालाटांचा होऊन बसतो आणि गाडीतला प्रत्येक स्क्रू मोजून पाहतो. मी सांध्यांना लाकडात धातूची आटेदार खोबण बसवून त्यात बोल्ट आवळले होते, नट सगळे आतून नायलॉनच्या कड्याचे. चालत्या गाडीत टेबल नेहमी खाली, पलंगाच्या जागी, आणि त्याला वरून एक पट्टा. उतरल्यावर आधी हातानं सगळं चाचपलं. काही ढिलं झालं नव्हतं.

संध्याकाळी जेवणं झाली. आई सवयीनं साडेआठला पेंगते, आम्ही दोघं उशिरापर्यंत गप्पा मारत बसतो. पुठ्ठ्यावर हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता असं नाही, म्हणूनच ओट्याखाली दोन घडीची स्टुलं ठेवली होती, बाहेर बसायला. पण रात्री वाळवंटात वारा सुटला. आई म्हणाली, "तुम्ही बसा इथेच, मी माझ्या अर्ध्यात झोपते." आणि तिनं टेबल न हलवता भिंतीशी पाय दुमडून, वाकळ ओढून डोळे मिटले. तासाभरानं मी पट्टी सोडवून टेबल खाली घेतलं, पाठी आडव्या केल्या. तिनं झोपेतच पाय सरळ केले. ती बसली होती ते बाक तसंच राहतं, पाठ तेवढी पुढे येते आणि बदलतो तो तिच्यासमोरचा भाग, म्हणून हे जमलं. भिंतीवरच्या पट्टीचा एवढा फायदा होईल हे मला काम करतानाही पूर्ण दिसलं नव्हतं.

आता बीव्हर्टनच्या एका मराठी कुटुंबानं त्यांच्या कॅम्परसाठी असंच डायनेट मागितलं आहे. त्यांनी फोनवर मापं विचारली. मी मापं पाठवण्याआधी विचारलं, तुमच्यात आधी कोण झोपतं, उशिरा कोण जागतं, आणि रात्री उठतं कोण. त्या घरातल्या काकू आधी हसल्या, मग म्हणाल्या की मुलगा बारापर्यंत लॅपटॉप घेऊन बसतो आणि त्यांचे मिस्टर पहाटे चारला उठून चहा करतात. म्हणजे एकाला रात्री टेबल हवं आणि दुसऱ्याला पहाटे, मधले चारच तास पलंग. त्यांच्या गाडीत समोरासमोरची बाकं नकोत. मी त्यांना एका बाजूला सलग लांब बाक सुचवलं आहे, त्यावर पलंग कायमचा, आणि ओट्याच्या टोकाला भिंतीतून वर येणारं लहान टेबल, एका ताटापुरतं. गेल्या शनिवारी त्यांच्या गॅरेजमध्ये पुठ्ठ्यावर ते मांडून पाहिलं. मुलाच्या गुडघ्यांना अजून दोन इंच हवे आहेत, ते ओट्याच्या कपाटातून काढायचे की दाराच्या बाजूनं, यावर सध्या आमचं बोलणं चालू आहे.